गुरुवारची कोबी

पहूरच्या नवलनानांच्या घरात नऊ वर्षं पत्ताकोबी आली नाही. फ्रीज आला, भूषणचं लग्न झालं, सून आली, पण कोबी आली नाही. ही बंदी खुद्द नानांनी घातली होती, आणि नाना काही ऐरेगैरे नव्हते. चौतीस वर्षं कृषी सहायक म्हणून जामनेर तालुक्याचे बांध तुडवलेला माणूस. कोबीबद्दल ह्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कोबीलाही ठाऊक नसेल, असं त्यांची बायको लताबाई म्हणायची. नाना ते कौतुक समजत.

शेतकऱ्यांच्या बैठकीत नानांचं एक भाषण ठरलेलं होतं. "झाडाला पाय नाहीत," ते सुरुवात करत. "अळी आली तर पळता येत नाही, ओरडता येत नाही. मग ते काय करतं? कोबीचं पान म्हणजे दोन खोल्यांचं घर समजा. एका खोलीत बारूद, दुसऱ्या खोलीत काडेपेटी. अळीनं पान चावलं की मधली भिंत पडते, दोन्ही एकत्र येतात आणि अळीच्या तोंडात जाळ उठतो. मुळ्यात तेच, मोहरीत तेच. मोहरी फेसली की नाकात जाते ना, ती मोहरीनं आपल्याला दिलेली शिवी असते."

मागून कोणीतरी विचारायचंच, "मग नाना, एवढं विष असून आमच्या कोबीवर अळ्या कशा?"

ह्या प्रश्नाचीच नाना वाट पाहत असत. एका पतंगाला ते विष पचतं, ते सांगत. पचतं एवढंच नाही, त्याच वासावर तो कोबी शोधत येतो. म्हणून कोबीच्या पंचवीस ओळींमागे दोन ओळी मोहरी पेरा. पतंग मोहरीवर जाईल, कोबी वाचेल.

शेतकऱ्यांनी मोहरी पेरली. घरच्या बायांनी तिचा कोवळा पाला खुडून भाजी केली, आणि पतंग मुकाट्यानं कोबीवर आले. नानांनी अहवालात "प्रात्यक्षिक यशस्वी" असं लिहून दिलं. एका अर्थी ते खरंही होतं. भाजी चांगली झाली होती.

नऊ वर्षांपूर्वी लताबाईंना थायरॉईड निघाला. टीएसएच चौदा, हवा चार-पाचाच्या आत. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. नानांनी विचारलं, "पथ्य काय?"

"काही खास नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

"काही खास नाही" हे नानांना पटण्यासारखं नव्हतं. बायको आजारी आणि आपल्याला करायला काहीच नाही, असं कसं? घरी येऊन त्यांनी ट्रेनिंगची जुनी पुस्तकं काढली. एका पुस्तकात मिळालं. कोबीतल्या त्या तिखट द्रव्यांपासून असं काही तयार होतं की ते गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. ग्रंथी फुगते. पुस्तकात हे सशांबद्दल लिहिलं होतं. पिंजऱ्यात कोंडून नुसती कोबीच खाऊ घातलेल्या सशांबद्दल. लताबाई ससा नव्हत्या आणि पिंजऱ्यातही नव्हत्या, पण नाना पुस्तक मिटून उठले आणि त्यांनी जाहीर केलं, "आजपासून घरात कोबी बंद."

नेमकी लताबाईंना कोबी फार आवडायची. भाजीपेक्षा कच्ची. माहेरी विहिरीजवळ वडिलांचे कोबीचे वाफे होते. गड्डा कापला की मधला पांढरा दांडा मीठ लावून खायचा, हा त्या बहिणींचा लहानपणीचा खाऊ. हे नानांना माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं सांगितलं होतं. पण आवड वेगळी आणि शास्त्र वेगळं, हे नानांचं मत.

एकदा तर धुळ्याला पुतणीच्या लग्नात पंगतीत कोबीची पचडी वाढली. लताबाईंनी घास उचलला तेवढ्यात शेजारून नानांनी त्यांच्या ताटातली पचडी हातानं काढून आपल्या ताटात घेतली आणि आजूबाजूच्या आठ-दहा जणांना बारूद आणि काडेपेटी समजावून सांगितली. लोकांनी ऐकून घेतलं. लग्नाच्या पंगतीत माणूस उठून जाऊ शकत नाही. लताबाई हसत होत्या. कशाला हसत होत्या, ते नानांनी तेव्हा विचारलं नाही.

पथ्याची दुसरी बाजूही नानांनीच सांभाळली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तोवर ज्यानं चुलीवर पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं, तो माणूस रोज सकाळी सहाला उठून स्वतः चहा करू लागला. बशीत गोळी, कपात चहा. लताबाईंच्या हातात दिल्याशिवाय हलायचे नाहीत. चहात साखर कधी जास्त, कधी अजिबात नाही. लताबाई शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या आणि म्हणायच्या, "छान झाला."

सहा महिन्यांत टीएसएच तीनवर आला. त्यानंतर नानांना आवरणं कठीण झालं. अख्ख्या गल्लीला त्यांनी तो रिपोर्ट दाखवला. "गोळी सगळेच घेतात," ते सांगत. "पथ्य पाळलं म्हणून उतरला."

गेल्या कार्तिकात लताबाई गेल्या. थायरॉईडनं नाही, डेंग्यूनं. घरात दोन दिवस ताप, मग जळगावच्या दवाखान्यात सहा दिवस, आणि संपलं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

तेरावं झाल्यावर नानांनी तिच्या वस्तू आवरायला घेतल्या आणि चष्म्याच्या डबीत त्यांना कागदाची एक पुडी सापडली. पुडीत थायरॉईडची एक गोळी. नुसती एक.

"म्हणजे एक दिवस चुकवली होतीस," नाना भिंतीवरच्या फोटोला म्हणाले. नऊ वर्षांत बायकोची एवढी एकच चूक त्यांच्या हाती लागली होती. मग ते तिथेच पलंगावर बसून राहिले. जेवायला बोलवायला आलेली सून दिपमाला दारातूनच परत गेली.

चैत्रात नानांचेच पाय सुजायला लागले. दिवसभर झोप, भर उन्हाळ्यात थंडी. भूषणनं आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून त्यांना जळगावला नेलं. डॉक्टर मुलगी तरुण होती, नाव रिद्धी. जामनेरच्या बियाण्यांच्या दुकानवाल्या प्रकाशचंदशेठची नात. नाना दर गुरुवारी तालुक्याच्या मीटिंगला जात, ती आटोपली की त्याच दुकानात बसत. निवृत्तीनंतर मीटिंग संपली, पण दुकानातली बैठक सुटली नाही. ह्या मुलीला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलं होतं.

"नाना, थायरॉईड आहे तुम्हाला," रिपोर्ट वाचून ती म्हणाली.

"कोबी मी नऊ वर्षांपूर्वीच सोडली आहे," नाना अभिमानानं म्हणाले.

"का? कोबीनं काय केलं?"

नानांनी घसा साफ केला आणि दोन खोल्यांपासून सुरुवात केली. बिचारीनं सशांपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाना, शास्त्र बरोबर आहे तुमचं. पण प्रमाण? रोज ढीगभर कच्ची खाल्ली आणि अंगात आयोडीनही कमी असलं, तर विचार करू. भाजी म्हणून आपण खातो तेवढ्यानं काही होत नाही. शिजवली तर त्यातलं बरंचसं जातंच. उलट चांगली असते. आमच्या घरी चातुर्मासात कोबी बंद असते, पण ती किड्यांच्या जिवासाठी. थायरॉईडसाठी नाही."

भूषण हसला. नाना हसले नाहीत.

"गोळी चालू असली तरी?" त्यांनी विचारलं.

"गोळी चालू असली तर काहीच अडचण नाही. फक्त गोळी उपाशीपोटी घ्यायची, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, दूध नाही. चहाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. हीच चूक लोक सगळ्यात जास्त करतात."

नाना खुर्चीत मागे टेकले. मुलगी पुढे काहीतरी सांगत होती. भूषण मान डोलावत होता. नानांना समोर फक्त बशी दिसत होती. बशीत गोळी, कपात चहा.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. नेरीच्या थांब्यावर एका गाडीवर कोबीचे गड्डे रचलेले होते. नानांनी तोंड फिरवलं. आयुष्यभर लोकांना फुकट सल्ला दिला, आणि एका माणसानं तो तंतोतंत पाळला, तर तो नेमका चुकीचा. जे खायला हवं होतं ते त्यांनी तिच्या ताटातून काढून घेतलं. जे द्यायला नको होतं ते रोज सहाला हातात नेऊन दिलं. टीएसएच तरीही उतरला होता, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण स्वतःला दोष द्यायला बसलेला माणूस रिपोर्ट पाहत नाही.

वीस दिवसांवर आखाजी होती. अक्षय तृतीयेला खान्देशात घरोघर घागर भरतात, पितरांना जेवू घालतात. लताबाईंची ही पहिलीच आखाजी. बाई अहेवपणी गेलेली असली की तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलावतात. नानांच्या गल्लीत आणखी एक रीत होती. सवाष्णीचं जेवण होत आलं की घरच्यानं हात जोडून विचारायचं, "पोट भरलं का?" आणि तिनं गेलेल्या बाईच्या वतीनं म्हणायचं, "भरलं." ते ऐकल्यावरच घरच्यांनी ताटावर बसायचं. आजवर कोणी "नाही भरलं" म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पण नानांना त्या एका शब्दाचा घोर लागला. खोटं खोटं "भरलं" त्यांना नको होतं.

आदल्या दिवशी ते पिशवीतून कोबीचा गड्डा घेऊन आले. दिपमाला पुरण वाटत होती. तिचे हात थांबले.

"हे काय, नाना?"

"उद्याच्या ताटासाठी."

"पितरांच्या ताटात कोबी नसते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. माझ्या माहेरीही नाही करत. आणि तुम्हीच तर सांगत होता, कोबी म्हणजे विष. आता गेलेल्या माणसाला खाऊ घालणार?"

"गेलेल्या माणसाला थायरॉईड नसतो," नाना म्हणाले.

दिपमालानं पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं. "करा मग तुम्हीच," ती म्हणाली. "मला पोळ्या आहेत, कुरडया तळायच्या आहेत. मी त्या कोबीला हात लावणार नाही."

म्हणून आखाजीच्या सकाळी नानांनी आयुष्यातली पहिली भाजी केली. डॉक्टर म्हणाली होती, शिजवली की बरंचसं जातं. बरंचसं कशाला, सगळंच जाऊ द्या, असा विचार करून त्यांनी अर्धा गड्डा कुकरमध्ये टाकला आणि सहा शिट्ट्या होऊ दिल्या.

चौथ्या शिट्टीला घरभर वास सुटला. पाचवीला शेजारचा भटू धावत आला. "नाना, सिलिंडर लीक आहे का? दिवे लावू नका!"

"कोबी आहे," नाना म्हणाले.

भटूनं एकदा कुकरकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं आणि तो आल्या पावली घरी गेला. ह्याच भटूची बायको सुगंधाबाई आज सवाष्ण म्हणून येणार होती. लताबाईंची पस्तीस वर्षांची मैत्रीण. दोघींच्या मागच्या दारांमध्ये फक्त एक लिंबाचं झाड. सुगंधाबाई सोनगीरची लेक. पहूरला येऊन चाळीस वर्षं झाली, पण माहेरची बोली सोडली नव्हती. "बोली सोडी तर माहेर सुटी," असं ती म्हणायची.

दुपारी भूषणनं घागर भरली. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आंबा ठेवला. आगारी म्हणून चुलीतल्या निखाऱ्यांवर पितरांच्या नावानं तूप सोडलं, आईला हाक मारली. नाना दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

सुगंधाबाई हिरवं लुगडं नेसून आली. दिपमालानं हळदकुंकू लावलं, पाटावर बसवलं. ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कढी, भजी, कुरडई, भात. आणि ताटाच्या कडेला, कोणी विचारू नये अशा रंगाचा एक गोळा.

सुगंधाबाई सावकाश जेवली. पोळी खाल्ली, रस दोनदा मागून घेतला, कुरडई मोडली. नाना समोर बसून नुसते त्या गोळ्याकडे पाहत होते. तिचा हात तिकडे जातच नव्हता.

शेवटी नानांनी हात जोडले. "पोट भरलं का?"

सुगंधाबाईनं बोटानं तो गोळा दाखवला. "नाना, हाई काय शे?"

"कोबी. तिच्या आवडीची."

"हाई कोबी शे? माले वाटनं पिठलं शे."

भूषण खोकला. पण नानांचा धीर सुटला. "हसू नका, अक्का," ते म्हणाले. "नऊ वर्षं मी तिला खाऊ दिली नाही. सगळ्या पंगतीसमोर ताटातून काढून घेतली. आणि आता डॉक्टर म्हणते, काही गरज नव्हती. ती मनात इच्छा ठेवून गेली. माझ्यामुळे गेली तशी. म्हणून आज..."

सुगंधाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं ताटातच हात झटकला. "कोन म्हने तिनी खादी नही?"

"म्हणजे?"

"दर गुरुवारले मना घर खाये ती. तुम्ही जामनेरले गयात का ती मागला दारथून उनीच. सोबत चिरी ठेवूत, मीठ लावूत, गप्पा मारत खाऊत. दांडा तिनाच, माले कधी देये नही."

"दर गुरुवारी?" नानांनी विचारलं.

"दर गुरुवारले. नऊ वरीस. बठ्ठी गल्लीले माहीत शे. तुमले सोडीसन."

नानांनी भूषणकडे पाहिलं. भूषण घागरीवरचा आंबा नीट ठेवू लागला. दिपमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला आईंनी सांगितलं होतं. आणि तुमची शपथ घातली होती."

आता नानांना हायसं वाटायला हवं होतं. पण माणूस कसा असतो पाहा, त्यांना आधी राग आला. साडेचारशे गुरुवार! बांधावर उभं राहून वासावरून अळी ओळखणारा हा कृषी सहायक संध्याकाळी घरी येत होता, बायकोशेजारी बसून जेवत होता, आणि त्याला कोबीचा वास आला नव्हता. तिच्या तोंडाला दर गुरुवारी बडीशेपेचा वास यायचा, एवढं मात्र त्यांना आता आठवलं.

"आणि तो रिपोर्ट?" ते जवळजवळ ओरडले. "मग रिपोर्ट कसा उतरला? पथ्य नाही, आणि गोळी मी द्यायचो चहाबरोबर. चहाबरोबर ती लागूच पडत नाही! रोज, अक्का, रोज माझ्या हातानं..." कोबीपेक्षा हे खोल रुतलं होतं, आणि वीस दिवसांत त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

सुगंधाबाईनं पाण्याचा घोट घेतला. ह्या वेळी ती हळू बोलली. "तिले माहीत व्हतं, नाना. पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या बाईनं सांगेल व्हतं. पानीसंगे, उपाशीपोट."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही चहा करेत म्हनून. ती म्हने, सत्तावीस वरीसमा हाऊ मानूस पहिल्यांदा चुलीजोडे उना शे. आते चूक काढी तर परत येवाव नही."

नानांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"मग गोळीचं काय करायची?"

"तुम्ही दिधी का पदरले बांधे. चहा पी टाके. दुसऱ्या दिनले पाच वाजता उठे, तुम्ही घोरत राहेत, तवय पानीसंगे ती गोळी ले. कालनी गोळी आज, आजनी गोळी सकाय. म्हने, एक दिवस मांगे शे मी, पन चुकत नही."

नाना उठले. आतल्या खोलीत गेले आणि चष्म्याची डबी घेऊन आले. पुडी उघडून त्यांनी गोळी तळहातावर ठेवली.

"ही चुकवलेली नाही," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ज्या सकाळी तिला जळगावला नेलं त्या सकाळीही त्यांनी चहा केला होता. अंगात एकशेतीन ताप, तरी तिनं सगळा चहा प्यायला होता. छान झाला, म्हणाली होती. आणि ही गोळी दुसऱ्या दिवसासाठी नीट पुडीत बांधून ठेवली होती.

दिपमालानं पदरानं डोळे पुसले. भूषण दाराबाहेर बघत उभा राहिला. सुगंधाबाईचेही डोळे भरले होते, पण ती पाटावर बसलेली होती आणि पाटावरच्या बाईला रडायची मोकळीक नसते.

"नाना," ती म्हणाली, "मनं पोट तं भरनं. पन हाई ताट तिना नावनं शे. ती हाई पिठलंवर उठाव नही. अर्धा गड्डा राहयना शे का?"

राहिला होता. नाना विळी घेऊन जमिनीवर बसले.

"जाड चिरू नका... अजून बारीक... बोट सांभाळा, आज एकच पितर पुरे," सुगंधाबाई पाटावरून सांगत राहिली. "हां. आते मीठ लावा, मिरची टाका, आनि राहू द्या. लगेच खायची नही. ती म्हने, घडीभर ठेवली का चव चढस."

घडीभर ठेवली की चव का चढते, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. चिरल्यावर भिंती पडतात, दोन्ही खोल्यांतलं सामान एकत्र यायला वेळ लागतो. कुकरमध्ये घातली की काडेपेटीच भिजते. नानांनी तोंड उघडलं. दिपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी तोंड मिटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

पाच-दहा मिनिटं सगळे त्या ताटलीभोवती बसून राहिले. मग नानांनी मधला पांढरा दांडा सोलला, त्याला मीठ लावलं आणि सुगंधाबाईच्या ताटात ठेवला. तिनं तो कुरकुर आवाज करत शेवटपर्यंत खाल्ला. नऊ वर्षांत तिला पहिल्यांदाच मिळाला होता.

नानांनी पुन्हा हात जोडले. "पोट भरलं का?"

"भरनं," सुगंधाबाई म्हणाली. "बठ्ठं भरनं, नाना."

ती हात धुवायला उठली तेव्हा नानांनी विचारलं, "अक्का, अजून काय काय करायची ती माझ्या मागे?"

"ते पुढली आखाजीले," सुगंधाबाई म्हणाली. "आजच बठ्ठं सांगी टाकं तर पुढला वरीस माले पाटावर कोन बसाडी?"

मग घरची ताटं वाढली. नानांनी पुरणपोळीच्या आधी पचडीचा घास तोंडात टाकला आणि चावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी बाहीनं पुसलं, ते पुन्हा आलं.

"तिखट आहे," ते म्हणाले.

"नाना, एका मिरचीनं?" भूषण म्हणाला. "कोबी कधी एवढी तिखट असते का?"

"असते. कोबीचं पान म्हणजे दोन खोल्यांचं घर समज. एका खोलीत..."

"नाना," दिपमाला म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी पचडी वाढली. "जेवा आता."